मतदार यादीत नाव सापडत नाही? ‘कापलं’ समजू नका, आधी असं शोधा

यवतमाळ : मोबाइलवर नाव टाकलं आणि ‘नोंद आढळली नाही’ असं आलं, की नाव कापल्याची चर्चा गावात सुरू होते. पण बरेचदा नाव यादीत असतं, फक्त सर्चला ते सापडत नाही.

असं का होतं?
फॉर्मवरची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली जाते आणि त्यावरून शोधसूची तयार होते. तुम्ही शोधता तेव्हा ही सूची चाळली जाते. ती माणूस ओळखत नाही, अक्षरं जुळवते. भरताना ‘आत्राम’चं ‘अत्राम’ किंवा ‘राठोड’चं ‘राठौड’ झालं असेल, तर बरोबर नाव टाकूनही नोंद हुकू शकते. लग्न झालेल्या बायांचं नाव कधी माहेरच्याच यादीत राहिलेलं असतं.

कसं शोधायचं?
• निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर आधी ओळखपत्राचा क्रमांक टाका. त्यात ३ इंग्रजी अक्षरं आणि ७ आकडे असतात. इथे स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही.
• जुन्या कार्डावर तिरप्या रेघांचा लांब क्रमांक असेल, तर नवा क्रमांक बीएलओला विचारा.
• नावाने शोधताना स्पेलिंग बदलून पाहा. विधानसभा मतदारसंघही बरोबर निवडा. जिल्ह्यात तालुके १६, पण मतदारसंघ ७ आहेत. पांढरकवड्याचा मतदार आर्णी मतदारसंघात येतो.
• तरीही नाही सापडलं, तर आपल्या यादी भागाची पीडीएफ उघडा. ही पीडीएफ फोटोसारखी असते, त्यात सर्च चालत नाही. एकेक पान डोळ्यांनीच पाहावं लागतं.

घाईत नवा फॉर्म भरू नका
नाव दिसलं नाही म्हणून लगेच फॉर्म ६ भरला, तर एकाच माणसाची दोन नावं होऊ शकतात. फॉर्ममध्ये जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, त्यासाठी १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नावात चूक असेल किंवा पत्ता बदलला असेल, तर फॉर्म ८ भरा. नाव खरोखरच कुठेही नसेल, तरच फॉर्म ६.

अडलं तर गावच्या बीएलओला भेटा किंवा १९५० वर फोन करा. हे काम मतदानाच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी यादीत नाव घालता येत नाही.