भयाचा रसिक आणि भयाचा बळी : झाडीपट्टीतील भयकथनाचा अभ्यास

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• भयानक रसाचे स्वरूप स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येईल.
• वार्षिक विधी आणि भयकथा यांचा परस्परसंबंध सांगता येईल.
• लोककथा, आख्यायिका आणि अनुभवकथा यांतील भेद ओळखता येईल.
• भयकथा आणि जादूटोण्याचा आरोप यांतील फरक चिकित्सकपणे मांडता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अंधारात एकट्याने जंगलवाट चालण्याचा प्रसंग आला, तर आपण तो टाळतो. मात्र त्याच वाटेवरच्या भुताची गोष्ट कोणी शेकोटीभोवती सांगू लागले, की आपण अधिक जवळ सरकून बसतो. भूतपटांचे आणि गूढकथांचे चाहते तर वर्षभर अशा अनुभवाच्या शोधात असतात. जे प्रत्यक्षात नकोसे वाटते, ते कथेत हवेसे का वाटते? हा साहित्यशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत या प्रश्नाला वेगळे गांभीर्य प्राप्त होते. येथे भय केवळ कल्पनेतले नाही. मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्याच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांनी माणसांना मारल्याच्या घटनाही येथे घडल्या आहेत. म्हणून भयाचा आस्वाद आणि भयाची हिंसा यांतील सीमारेषा कोठे आहे, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

विषय-विवेचन

१. भय : स्थायीभाव आणि रस

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. भयानक हा त्यांपैकी एक असून भय हा त्याचा स्थायीभाव आहे. हा रस उत्पन्न करणाऱ्या विभावांमध्ये भरताने विकृत ध्वनी, भुताखेतांचे दर्शन, कोल्हा व घुबड यांच्यामुळे वाटणारा त्रास, ओसाड घर आणि अरण्यात जाणे यांचा उल्लेख केला आहे. आजच्या भयपटातही पडका वाडा, घुबडाचा आवाज आणि रान यांवाचून पान हलत नाही. भयाची सामग्री इतकी शतके फारशी बदललेली नाही, असे यावरून म्हणता येईल.

या सामग्रीतून आनंद कसा मिळतो, याचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील एक दृश्य निवडले आहे. दुष्यंताचा रथ पाठीशी लागला आहे आणि हरिण मान वळवून मागे पाहत जिवाच्या आकांताने धावत आहे. प्रेक्षकाला येथे भयाची प्रतीती येते. परंतु ‘मी भ्यालो आहे’ असे त्याला वाटत नाही. ‘माझा शत्रू, मित्र किंवा कोणी तिऱ्हाईत भ्याला आहे’ असेही वाटत नाही. ते भय विशिष्ट व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या बंधनातून मोकळे होते. या प्रक्रियेस ‘साधारणीकरण’ असे म्हणतात. व्यावहारिक भय आपल्याला पळायला किंवा प्रहार करायला लावते. साधारणीकरण झालेले भय मात्र जागेवर बसवून ठेवते आणि पाहायला लावते.

शत्रू, मित्र आणि तिऱ्हाईत हे तीन शब्द लक्षात ठेवावेत. पुढील विवेचनात त्यांची आवश्यकता भासणार आहे.

२. वर्षचक्रातील भय

भयाला वर्षातून ठरावीक दिवशी मोकळी वाट करून देण्याची रीत अनेक समाजांत आढळते. पाश्चात्त्य देशांत ३१ ऑक्टोबरला साजरा होणारा हॅलोविन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आयर्लंड व स्कॉटलंडमधील ‘साविन’ या हिवाळ्याच्या आरंभीच्या केल्टिक सणाशी त्याचा संबंध जोडला जातो. त्या रात्री मृतांचे आत्मे फिरतात अशी समजूत होती. सलगम कोरून केलेले दिवे अमेरिकेत भोपळ्याचे झाले आणि भयाचा दिवस हळूहळू मुलांच्या खेळाचा दिवस बनला.

आपल्याकडे पूर्वविदर्भात श्रावण अमावास्येला पोळा येतो. या वेळी घराच्या दारात पळसाच्या डहाळ्या ठेवतात. त्यांना ‘मेढे’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे हे मेढे उचलून गावाच्या शिवेबाहेर टाकले जातात. रोगराई, ढेकूण-डास, इडापिडा सारे घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगितले जाते. नागपुरात १८८०च्या दशकापासून निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या आणि बडग्यांच्या मिरवणुकीत याच विधीने भव्य सार्वजनिक रूप धारण केले. बडग्यांच्या रूपाने तेथे भ्रष्टाचार, महागाई अशा चालू काळातील पीडांचीही धिंड काढली जाते.

या विधीतील एक बाब अभ्यासकाने विशेषत्वाने टिपावी. अनिष्टाला येथे चेहरा दिला जातो, पण तो बाहुलीचा असतो. शिवेबाहेर जाते ती डहाळी किंवा बाहुली. गावातला कोणी माणूस नव्हे. भय सर्वांचे मिळून असते आणि त्याचे विसर्जनही सर्व मिळून करतात.

भयाचे दैवतात रूपांतर होणे ही याच प्रवृत्तीची दुसरी दिशा होय. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे नाव ‘तारू’ या गावप्रमुखावरून आले, अशी आख्यायिका आहे. वाघाशी झुंजताना तारू मरण पावला आणि तळ्याकाठी त्याचे देवस्थान झाले. १९५५ मध्ये घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. ज्या वाघाने माणूस मारला, त्याच्या रानाला मेलेल्या माणसाचे नाव मिळाले. वाघाबद्दलची धास्ती या कथेने नाहीशी केलेली नाही. तिच्यासह जगण्याची एक रीत तेवढी घालून दिली.

३. कथनाचे तीन प्रकार

भयाच्या गोष्टी अभ्यासताना ‘हे खरे आहे’ असा दावा कथक कितपत करतो, हे आधी तपासावे लागते. त्यानुसार स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

(अ) लोककथा : वेताळपंचविशी हे याचे ठळक उदाहरण. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही या कथा समाविष्ट आहेत. स्मशान, प्रेत आणि वेताळ असूनही श्रोता त्या सत्य मानत नाही. वेताळाने घातलेल्या कोड्यात तो रमतो.

(आ) आख्यायिका : ती विशिष्ट स्थळाशी निगडित असते आणि सत्यतेचा दावा करते. तारूची कथा या प्रकारात मोडते. ‘त्या चिंचेवर मुंजा आहे’, ‘त्या डोहात आसरा आहेत’ ही विधाने म्हणजे आख्यायिकांची बीजे होत.

(इ) अनुभवकथा : स्वतःला किंवा निकटच्या माणसाला आलेल्या अलौकिक अनुभवाचे हे कथन असते. स्वीडिश लोकसाहित्यअभ्यासक फॉन सिडो यांनी १९३४ मध्ये या प्रकाराला ‘मेमोरेट’ असे नाव दिले. आपल्याकडील ‘चकव्या’च्या गोष्टी पाहा. कोणाचा तरी मामा बाजाराहून रात्री परततो, ओळखीच्या रानात वाट चुकतो, पुन्हा पुन्हा त्याच झाडापाशी येतो आणि उजाडल्यावर पाहतो, तर गाव हाकेच्या अंतरावर असते. कथेत मामाचे नाव, गावाचे नाव, झाडाची जात सारे असते. चकवा कसा दिसतो, हे मात्र कोणीच सांगत नाही.

चकव्याची कथा ऐकणाऱ्याला एक व्यावहारिक शिकवणही मिळते : रात्री एकट्याने रान तुडवू नये, वाट चुकल्यास उजाडेपर्यंत थांबावे. शिवाय येथेही दोष अदृश्य शक्तीकडे जातो, शेजाऱ्याकडे नव्हे. मात्र अनुभवकथा व्यवहाराच्या अगदी लगत उभी असते. ‘रानात काहीतरी होते’ या वाक्याच्या जागी ‘अमक्याने काहीतरी केले’ हे वाक्य आले, की कथनाचे स्वरूप पालटते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) भयानक रसाचा स्थायीभाव कोणता?
(२) मेढे शिवेबाहेर केव्हा टाकले जातात?
(३) ‘मेमोरेट’ म्हणजे काय?

४. रंगमंच, ग्रंथ आणि पडदा

झाडीपट्टीतील प्रेक्षक रात्रभर जागण्यात मुरलेला आहे. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली, की कापणी झालेल्या धानाच्या बांधीत मंडप पडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. देसाईगंज (वडसा) हे या रंगभूमीचे केंद्र. येथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आले. ही नाटके मुख्यतः कौटुंबिक व सामाजिक असतात. तरीही आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व आहे. खलनायकाला पाहून संतापणारा प्रेक्षक पहाटे त्याच नटाचे कौतुक करत घरी परततो. रंगमंचाच्या कडेपाशी नाट्यातील वैर संपते, हा संकेत त्याच्या अंगवळणी पडलेला असतो.

मराठी मुद्रित साहित्यात नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भयकथा व गूढकथा यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. धारपांच्या ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेच्या कथांत अमंगल शक्तीला तोंड देणारा एक खंबीर आधार असतो. मतकरींच्या कथांत भयाचा उगम पुष्कळदा माणसाच्या मनातच सापडतो. २०१८ मधील ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाचे मूळ या परंपरेशी जुळते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यातील मुक्कामात एका मित्राने धारपांची कथा ऐकवली होती. नागझिरा हे झाडीपट्टीतच, भंडारा-गोंदिया परिसरात येते. पुस्तकातली गोष्ट रानातल्या रात्री तोंडी सांगितली गेली आणि पुढे पडद्यावर आली. ‘तुंबाड’मधील खरे भय हस्तर या राक्षसाचे नाही, पिढ्यानपिढ्या वाढत जाणाऱ्या मानवी लोभाचे आहे. चांगली भयकथा वाचकाचे बोट अखेरीस त्याच्या स्वतःकडे वळवते, याचे हे उदाहरण मानता येईल.

५. कथा जेव्हा आरोप होते

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील व्यक्तींना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा येथे एक स्त्री आणि एक पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळून मारण्यात आले.

या घटनांमागेही एक ‘कथा’ असते. गावात कोणी आजारी पडते, एखादे मूल दगावते. कारण समजत नाही. मग कोणीतरी एक सूत्र जोडून देतो आणि त्या सूत्राच्या टोकाशी एका माणसाचे नाव येते. अभिनवगुप्ताने रसास्वादातून वगळलेले ‘शत्रू’पण येथे परत येते. बहुतेक वेळा हा शत्रू म्हणून वृद्ध, विधवा, एकाकी किंवा सामाजिकदृष्ट्या दुर्बल व्यक्ती निवडली जाते. पोळ्याला जे बाहुलीवर लादले जाते, ते जिवंत माणसावर लादले जाते.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे व तिला छळणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. हा कायदा भुताच्या गोष्टी सांगण्यास मनाई करत नाही, हेही ध्यानात घ्यावे. कथा आणि आरोप यांतील जो भेद आपण साहित्याच्या अंगाने पाहिला, तोच येथे विधीच्या भाषेत मांडलेला दिसतो.

६. भय ऐकून घेण्याचे मोल

अशा भयाची ‘अडाणीपणा’ या एका शब्दात बोळवण करणे अभ्यासकाला शोभत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा गडचिरोलीतील अनुभव येथे उद्बोधक ठरतो. आदिवासी रुग्णालयात येण्यास का भितात, अशी विचारणा केल्यावर लोकांनी कारण सांगितले : डॉक्टर-परिचारिका पांढरे कपडे घालतात आणि आमच्याकडे पांढऱ्या कपड्यात मृतदेह गुंडाळतात. हे ऐकून घेऊन दवाखान्याची रचना आदिवासी गावासारखी करण्यात आली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. पुढे याच संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला. त्यातून नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

ज्या मृत्यूचे कारण कळत नाही, तो संशयाला जन्म देतो. मूल वाचले, की ‘कोणी केले?’ हा प्रश्नच उरत नाही. म्हणून लोकांच्या भयाचे शब्द नीट ऐकणे हे लोकसाहित्याच्या अभ्यासकाचे जितके काम आहे, तितकेच ते आरोग्यसेवकाचेही आहे.

समारोप

भय ही आदिम भावना आहे आणि कथेने तिला आस्वाद्य रूप दिले आहे. विधीत ती बाहुलीच्या रूपाने शिवेबाहेर जाते, आख्यायिकेत देवस्थान होते, रंगमंचावर आणि पडद्यावर रस बनते. या सर्व रूपांत भयाला जिवंत माणसाचे नाव चिकटलेले नसते. ते चिकटताच रसिक उरत नाही. एक जमाव आणि एक बळी उरतो. भुताची गोष्ट जरूर ऐकावी, मनसोक्त घाबरावे. मात्र गोष्ट संपताना कथकाचे बोट कोणाच्या घराकडे वळते आहे, इकडे लक्ष असावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १ ची उत्तरे

(१) भय. (२) पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. (३) स्वतःला किंवा निकटच्या व्यक्तीला आलेल्या अलौकिक अनुभवाचे कथन म्हणजे मेमोरेट.

सरावासाठी स्वाध्याय

(१) साधारणीकरणाची संकल्पना तुम्ही पाहिलेल्या एखाद्या भयपटाच्या आधारे स्पष्ट करा.
(२) मारबतीचा विधी आणि हॅलोविन यांतील साम्यभेद लिहा.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील वडीलधाऱ्या व्यक्तींकडून चकव्याच्या किंवा तत्सम तीन गोष्टी त्यांच्याच बोलीत नोंदवा. त्या कोणत्या कथनप्रकारात मोडतात, ते सकारण लिहा. एखाद्या कथनात हयात व्यक्तीवर करणीचा ठपका येत असल्यास ते नाव तुमच्या वहीत उतरवू नका.