घरच्या मत्स्यालयासाठी पावसाचे पाणी

माशाच्या दृष्टीने पाणी हे केवळ राहण्याचे ठिकाण नव्हे. श्वासासाठी लागणारा प्राणवायू तो पाण्यातूनच घेतो, त्याचे अन्न त्याला पाण्यातच मिळते, आणि शरीरातील टाकाऊ पदार्थही तो पाण्यातच सोडतो. नदीत राहणाऱ्या माशाला एखाद्या ठिकाणचे पाणी मानवले नाही, तर तो पोहत दुसरीकडे निघून जातो. काचेच्या पेटीतील माशाला मात्र ही मोकळीक नसते. जे पाणी पेटीत ओतले असेल, त्यातच त्याला जगावे किंवा मरावे लागते. म्हणूनच मासे पाळण्याची हौस असलेल्याने प्रथम पाण्याची ओळख करून घेतली पाहिजे.

दिसण्यात सर्व स्वच्छ पाणी सारखेच असते. परंतु त्याचे गुण निरनिराळे असतात. जमिनीत मुरलेले पाणी खडकांतून झिरपत जाते. त्या प्रवासात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार त्यात विरघळतात. दख्खनच्या पठारावरील काळ्या खडकातून येणाऱ्या विहिरींच्या पाण्यात असे क्षार पुष्कळदा आढळतात. अशा पाण्यात साबणाचा फेस लवकर होत नाही, म्हणून त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. बोलण्यात लोक त्याला जड पाणी म्हणतात. पाणी तापवण्याच्या बंबात कालांतराने जो पांढरा थर धरतो, तो याच क्षारांचा असतो.

पावसाच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, तेव्हा मीठ व इतर क्षार खालीच राहतात. वर जाते ती निव्वळ पाण्याची वाफ. ती थंड झाली की ढग बनतात आणि पाऊस पडतो. प्रयोगशाळेत पाणी ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात. निसर्ग तेच कार्य फार मोठ्या प्रमाणावर करीत असतो. त्यामुळे पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात आणि साबणाचा थोडासा स्पर्श होताच त्याला भरपूर फेस येतो. अशा पाण्याला सुफेन पाणी म्हणतात.

काही माशांना असे सुफेन पाणीच मानवते. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा चिमुकला निऑन टेट्रा हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला रहिवासी. तेथील अरण्यांतून वाहणाऱ्या कित्येक ओढ्यांत क्षार जवळजवळ नसतातच. कुजलेल्या पानांमुळे काहींचे पाणी तर कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसते. याउलट, डासांच्या अळ्या खाणारा गप्पी आणि त्याचा सोयरा मोली हे दुष्फेन पाण्यात सुखाने नांदतात. तेव्हा आपल्या पेटीतील मासा मूळचा कोठला, हे जाणून मगच पाणी निवडणे योग्य.

परंतु मासा कोणताही असो, पावसाचे पाणी एका कामी सर्वांनाच उपयोगी पडते. पेटीतील पाणी रोज थोडथोडे आटते. आटताना केवळ पाणी जाते. क्षार पेटीतच राहतात. समजा, एका पेटीत ४० लिटर पाणी आहे आणि त्यातील १० लिटर दरमहा आटते. ही तूट प्रत्येक वेळी विहिरीच्या पाण्याने भरली, तर चार महिन्यांत आणखी ४० लिटर पाण्यातील क्षार पेटीत जमा होतात. पाणी तेवढेच राहते, पण क्षार मात्र दुप्पट होतात! पाणी डोळ्यांना निर्मळ दिसत असूनही आतील मासे मलूल होण्याचे हे एक कारण असू शकते. तीच तूट पावसाच्या पाण्याने भरून काढल्यास क्षारांचे प्रमाण बहुतांशी जसेच्या तसे राहते.

हे पाणी गोळा करणे कठीण नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होते. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असे स्वच्छ कापड उघड्यावर चार खांबांना बांधले आणि ३० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर ६० लिटर पाणी पडते. काही वाया गेले, तरी लहान पेटीला ते पुष्कळ होते. कापडाच्या मधोमध एक धुतलेला दगड ठेवावा. म्हणजे तेथे खोलगट भाग होऊन पाणी खालच्या भांड्यात गाळूनच पडते.

मात्र मोसमाच्या पहिल्या सरींचे पाणी घेऊ नये. उन्हाळाभर हवेत साठलेली धूळ व धूर त्या सरींबरोबर खाली येतात, आणि छपरांवरील पक्ष्यांची विष्ठा व पालापाचोळाही धुऊन निघतो. पुढेही प्रत्येक वेळी पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटे सोडून द्यावी. कौलारू छप्पर पावसाने चांगले धुऊन निघाले असेल, तर त्याच्या पन्हळीचे पाणी चालते. पण जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, तांब्याच्या नळ्या व ताजा रंग यांवरून आलेले पाणी वर्ज्य समजावे. धातूचा लेशही माशांना विषासारखा बाधतो. कारखान्यांच्या परिसरातील पाऊसही निर्धोक नसतो. मँचेस्टर शहरातील पाऊस धुरामुळे आम्लयुक्त होतो, हे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिले होते.

गोळा केलेले पाणी दुहेरी फडक्यातून गाळून स्वच्छ पिंपात भरावे आणि पिंप अंधाऱ्या जागी झाकून ठेवावे. उजेडात शेवाळ वाढते. तोंड उघडे राहिले, तर डास त्यात अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नव्या डासांची फौज घरात शिरते. माशांची सेवा करताना माणसांना हिवताप होणे काही बरे नव्हे!

आता एक शंका साहजिक आहे. पावसाचे पाणी इतके शुद्ध, तर मग सारी पेटी त्यानेच का भरू नये? येथेच नवशिके फसतात. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे पाणी त्याच्या कल्ल्यांतून सतत आत शिरत असते. मासा ते मूत्रावाटे बाहेर टाकतो आणि गमावलेले क्षार कल्ल्यांच्या द्वारे पाण्यातून परत मिळवतो. पाण्यात क्षारच नसतील, तर तो ते मिळवणार कोठून? शिवाय माशांच्या मलमूत्रावर सूक्ष्म जंतूंची क्रिया होऊन पाण्यात आम्ल तयार होते. दुष्फेन पाण्यातील क्षार या आम्लाचा जोर मोडतात. निव्वळ पावसाच्या पाण्यात तो मोडायला कोणी नसते. पाणी एकाएकी आंबट होते आणि मासे दगावतात.

म्हणून पावसाचे पाणी विहिरीच्या अथवा नळाच्या पाण्यात मिसळूनच वापरावे. सुफेन पाण्याच्या माशांसाठी ते निम्म्यापर्यंत घ्यावे. गप्पी व मोली यांच्यासाठी आटलेल्या पाण्याची भरपाई करण्यापुरतेच पुरे. बदलही हळूहळू करावा. आठवड्यातून एकदा, पेटीतील पाण्याच्या दहाव्या भागापेक्षा अधिक पाणी बदलू नये, आणि नवे पाणी पेटीजवळ रात्रभर ठेवून दोहोंची उष्णता सारखी झाल्यावरच ते ओतावे.

आकाशातून पडणारे पाणी सर्वांना फुकट मिळते. परंतु ते केव्हा, कसे व किती वापरावे याचे ज्ञान कष्टानेच मिळवावे लागते. ज्या मुक्या जिवांना आपण काचेच्या चार भिंतींत आणून ठेवतो, त्यांच्यासाठी एवढे कष्ट घेणे हे आपले कर्तव्यच आहे.