तिफणीचे माप

1998 मध्ये अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याच्या काळ्या रानात मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला, की पेरणीस जे मोजके दिवस लाभतात त्यांत मोडलेले अवजार गावातच आणि त्याच दिवशी दुरुस्त होणे हा त्याच्या योग्यतेचा पहिला निकष ठरतो. आणि या निकषावर तिफणीइतके खरे उतरलेले अवजार माझ्या पाहण्यात नाही.

बाभळीच्या आडव्या ओंडक्यात बसवलेले, लोखंडी टोकांचे तीन फण, त्यांत रोवलेल्या पोकळ वेळूच्या तीन नळ्या, आणि त्या जिथे वर एकवटतात तिथे तळाशी तीन छिद्रे असलेले लाकडी चाडे, एवढाच तिचा सरंजाम. चाड्यावर मूठ धरणारी बाई बैलांच्या चालीशी हात जुळवून बोटांतून दाणे सोडते आणि तिन्ही ओळींत ते सारखे पडतात; तुरीची ओळ घालावयाची असल्यास एका छिद्रात बोळा कोंबून, मागे दोरीने बांधलेल्या सरत्यातून दुसरी बाई तूर पेरते. बियाणे मोजण्याचे सारे कसब त्या मुठीत असते, आणि ते मुठीवर सोपवण्याचा विवेक ज्या अनामिक कारागिरांनी दाखवला त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

फण झिजला, नळी चिरली, तर गावचा सुतार तेवढाच भाग बदलून देई, आणि त्याचे बलुते सुगीत खळ्यावर धान्यरूपाने पोचे. अशा रीतीने कालांतराने मूळचे लाकूड फारसे उरत नसे. कायम राही ते दोन फणांमधले अंतर, कारण पुढे ओळींमधले तण काढण्याच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याची पास, म्हणजे त्याचे आडवे लोखंडी पाते, त्याच अंतरातून, रोपाला धक्का न लावता, जावयाची असे. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करणारे रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी 1893 च्या अहवालात देशी अवजारे स्थानिक परिस्थितीस अनुरूप असल्याचा निर्वाळा दिला होता.

आता जिल्हाभर सोयाबीन पसरले असून बहुतेक पेरणी ट्रॅक्टरवर होते, चाड्याची जागा लोखंडी पेटीने घेतली आहे, आणि तिच्यातले दाते ऐन वाफशात तुटले तर तालुक्याच्या दुकानाची वाट धरावी लागते. फण आणि नळ्या मात्र तिथेही आहेत. आणि उगवलेल्या पिकात पुष्कळ ठिकाणी अद्याप बैलांचाच डवरा फिरत असल्यामुळे, यंत्राचे फण कोणत्या अंतरावर आवळावयाचे हे शेतकरी आपल्या डवऱ्याची पास मोजूनच ठरवतो.