संगणकावर अरबी उलटी का पडायची?

विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी आणण्यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांना ती चौकट आठवत असेल. कंट्रोल पॅनेल, त्यात 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', त्यात 'लँग्वेजेस'चा टॅब आणि तिथे खालच्या बाजूला दोन रिकाम्या चौकटी. पहिलीवर टिचकी मारली की यंत्र बजावायचं : अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, भारतीय भाषा, थाई आणि व्हिएतनामी यांच्या फाइली बसवतोय, किमान १० एमबी जागा लागेल. मग सीडी मागायचं. सीडी सापडली तर ठीक, नाहीतर ओळखीत कोणाकडे आहे ते शोधायला निघायचं. सगळं जुळून आलं की यंत्र रीस्टार्ट होऊन 'मंगल' फॉन्टात मराठी नीट उमटायची. चौकटीशेजारच्या ओळीत मात्र उल्लेख होता तो गुंतागुंतीच्या लिप्यांचा आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांचा. मराठी तर डावीकडून उजवीकडे जाते. मग तिची सोय अरबी-हिब्रूबरोबर एकाच चौकटीत का?

कारण जुन्या संगणकाची खरी अडचण दिशा ही नव्हतीच. दिशा हा त्यातला सोपा भाग. अडचण होती ती त्याच्या एका पक्क्या समजुतीची : एक कळ, एक संकेत, एक आकृती. ए दाबला की ए-चा संकेत साठवायचा आणि पडद्यावर ए काढायचा, पुढच्या खणात बी. रोमन लिपीला एवढं पुरतं. मराठीत 'कि' लिहिताना युनिकोडमध्ये आधी 'क' साठवला जातो आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी येते. म्हणजे साठवण्याचा क्रम वेगळा, दिसण्याचा वेगळा. अरबीत हेच प्रकरण पानभर चालू असतं.

'सलाम' हा शब्दच घ्या. अरबीत त्यात चार अक्षरं : सीन, लाम, अलिफ, मीम. सीन शब्दाच्या सुरुवातीला आहे, म्हणून त्याची शेपटी गळते आणि तो नुसत्या तीन दात्यांनी लामला चिकटतो. लामच्या पुढे अलिफ आला की दोघांची मिळून एकच आकृती करावी लागते, हा हौसेचा नव्हे तर लिपीचा सक्तीचा नियम. अलिफ आपल्या पुढच्या अक्षराला कधीच जोडत नाही, म्हणून मीम एकटा उभा राहतो. म्हणजे अक्षरं चार, आकृत्या तीन. अरबीच्या २८ अक्षरांपैकी बहुतेकांना सुटं, आरंभीचं, मधलं आणि शेवटचं अशी चार रूपं आहेत. ज्या यंत्राला यातलं काहीच ठाऊक नाही, ते 'सलाम' डावीकडून सुरू करतं आणि चारही अक्षरं सुटी मांडतं. वाचणाऱ्याला उजवीकडून दिसतं मीम, अलिफ, लाम, सीन. अशी उलटी, तुटलेली अरबी आजही जगभरच्या पाट्यांवर आणि पोस्टरांवर सापडते. अरबी न येणारा डिझायनर आणि अरबी न जाणणारं सॉफ्टवेअर एकत्र आले की हे घडतंच.

डॉसच्या काळात पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, प्रत्येक खण सारख्याच रुंदीचा. अलिफ म्हणजे एक उभी काठी आणि सीन म्हणजे तीन दाते व वर ऐसपैस शेपटी, पण खण दोघांना एकच. काही पद्धतींत सीनची शेपटी तोडून शेजारच्या खणात ठेवत. जुन्या संकेतसंचांशी जुळवून घेण्यासाठी युनिकोडने त्या तुटलेल्या शेपटीला स्वतःचा संकेतांक दिला, तो आजही तक्त्यात आहे. सुरुवातीच्या काही डिस्प्ले कार्डांवर अक्षरांच्या आकृत्या चिपमध्येच कोरलेल्या असत, तिथे अरबी हवी तर चिप बदलायची. पुढे ईजीए आणि व्हीजीए ही कार्डं आली, तेव्हा आकृत्या सॉफ्टवेअरमधून भरता येऊ लागल्या. मग अरबी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम आधी चालू करून मेमरीत बसवून ठेवायचा आणि त्याच्यावर बाकीचं काम करायचं. हा पाहुणा डॉसच्या तुटपुंज्या ६४० केबी मेमरीतलीच जागा खायचा.

कुवेतमध्ये महंमद अल शारेख यांनी वेगळी वाट धरली. १९८२ मध्ये त्यांनी 'सख्र' सुरू केली आणि जपानी कंपन्यांकडून एमएसएक्स जातीचे घरगुती संगणक बनवून घेतले. अरबी त्यांच्या रॉममध्येच होती आणि कळफलकावर दोन्ही लिप्या. यंत्र चालू केलं की अरबी हजर. अरब जगातल्या एका पिढीची संगणकाशी पहिली ओळख या यंत्रांवर झाली. एमएसएक्स मागे पडल्यावर 'सख्र' सॉफ्टवेअरकडे वळली.

आता मुख्य भांडण. फाइलमध्ये साठवायचं काय, अक्षर की त्याची आकृती? आयबीएमच्या 'कोड पेज ८६४' या संकेतसंचात आकृत्यांना संकेत होते. शिशाच्या छपाईत कंपोझिटरच्या केसमध्ये जोडाक्षरांचे खिळे वेगळे असत, तसा हा हिशेब. छपाईला उत्तम, पण शोधाशोधीला कुचकामी. आरंभीचा सीन एक संकेत, सुटा सीन दुसरा, मग एकाच अक्षराचा शोध घ्यायचा तरी कसा आणि नावांची यादी क्रमाने लावायची कशी? उलट अरब देशांच्या मानक संघटनेने १९८६ मध्ये जो 'आस्मो ७०८' संच ठरवला, त्यात अक्षराला एकच संकेत होता. तोच पुढच्या वर्षी आयएसओ ८८५९-६ म्हणून आंतरराष्ट्रीय झाला. कुठे कोणतं रूप घ्यायचं, ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने ठरवावं. झेरॉक्सचे जोसेफ बेकर यांनीही 'सायंटिफिक अमेरिकन'च्या १९८४ च्या लेखात हाच विचार मांडला होता. युनिकोडचा पहिला मसुदा लिहिणारे हेच बेकर.

आकृती साठवणाऱ्यांचा दुसरा घोटाळा क्रमाचा. हिब्रूला अरबीसारखी जोडणी नाही, त्यामुळे इस्रायलमध्ये पुष्कळ वेबपानं सरळ उलटी टाइप केलेली असत. ब्राउझर बिचारा डावीकडून उजवीकडे मांडत जाई आणि वाचणाऱ्याला बरोबर दिसे. पण खिडकी थोडी अरुंद केली की ओळ तुटायची. ओळीचं उजवं टोक, म्हणजे वाक्याची सुरुवात, खालच्या ओळीत जायचं आणि वाक्य शेवटापासून सुरू व्हायचं. म्हणून प्रत्येक ओळ हाताने तोडून पक्की करावी लागे.

मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी 'कोड पेज १२५६' केलं, त्यात अक्षराला एकच संकेत आणि टाइप केला तोच क्रम. मोरोक्को-अल्जीरियात अरबीबरोबर फ्रेंच चालते, म्हणून फ्रेंचची खुणांची अक्षरंही त्यातच बसवली. पण विंडोज ९५ ची अरबी आवृत्ती वेगळी विकत घ्यावी लागे, इंग्रजी आवृत्तीत अरबी टाइप करायची सोय नव्हती. विंडोज २००० पासून सगळ्या जगासाठी एकच गाभा आला आणि अक्षरं जोडण्याचं काम 'युनिस्क्राइब' नावाच्या एका भागाकडे गेलं. मराठीची वेलांटी पुढे आणणारा आणि अरबीचा लाम-अलिफ जोडणारा हा एकच कारागीर. एक्सपीतली ती चौकट हे काम सुरू करायची. व्हिस्टापासून ते न विचारताच होऊ लागलं.

तरी एक्सपीत एक पाचर होतीच. युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांसाठी 'अॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये वेगळी भाषा निवडून यंत्र पुन्हा सुरू करावं लागे. ते विसरलं तर अरबीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागायची किंवा डोक्यावर रेघा-टिंबं घेतलेली रोमन अक्षरं दिसायची.

दोन दिशा एकाच ओळीत आल्या की गंमत सुरू होते. अरबी मजकुरातही आकडे डावीकडूनच वाचले जातात, म्हणजे ओळीच्या मधोमध वाहतूक उलटी फिरते. युनिकोडने यासाठी सविस्तर नियम केले : अक्षरांना ठाम दिशा, आकड्यांना कच्ची, विरामचिन्हांना स्वतःची दिशाच नाही, ती आसपास बघून वागतात. म्हणून अरबी परिच्छेदाच्या शेवटी 'सी++' लिहिलं की ते '++सी' असं दिसतं. कैरोचा कोड ०२ घालून '०२-५५५' असा नंबर रोमन आकड्यांत लिहिला, तर अरबी अक्षरांमागून तो '५५५-०२' असा उमटतो. उपाय म्हणून न दिसणारी दिशाचिन्हं आहेत, पण ती कुठे बसली आहेत हे डोळ्यांना कळत नाही. नवख्याने विंडोजमध्ये उजवा कंट्रोल आणि उजवा शिफ्ट एकत्र दाबून परिच्छेदाची दिशा बदलावी, निम्मं दुखणं तिथेच थांबतं.

या कटकटीला कंटाळून तरुण अरबांनी मोबाइल आणि चॅटवर रोमन अक्षरांतच अरबी लिहायला घेतली. रोमनमध्ये नसलेल्या उच्चारांना त्यांनी आकडे दिले : 'ऐन'साठी इंग्रजी तीन, कारण तो आरशातल्या ऐनसारखा दिसतो, आणि घशातल्या 'ह'साठी सात. आपण रोमनमधून मराठी लिहितो, पण इतकी शिस्त काही लावून घेतली नाही.

उर्दूची तऱ्हा आणखी अवघड. नस्तालीक वळणात शब्द वर उजवीकडून खाली डावीकडे घरंगळतो, म्हणजे प्रत्येक अक्षराची उंची पुढे किती अक्षरं आहेत त्यावर ठरते. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी यावर दांडगा तोडगा काढला. जोडलेल्या अक्षरांचे हजारो तयार तुकडेच घडवले. त्या 'नूरी नस्तालीक'मध्ये १९८१ मध्ये 'जंग' हे दैनिक छापलं जाऊ लागलं. १९९४ मध्ये आलेल्या 'इनपेज'ने हेच वळण साध्या पीसीवर आणलं आणि भारतातल्या उर्दू छापखान्यांनीही ते उचललं. पण इनपेजची फाइल दुसरीकडे उघडत नसे, त्यामुळे अनेक उर्दू दैनिकांच्या संकेतस्थळांवर कित्येक वर्षं मजकुराऐवजी पानांची चित्रंच असत. त्यात शोध घेणं अशक्य.

दिसण्याच्या क्रमात साठवलेल्या जुन्या नोंदी आजही मोठ्या संगणकांत आहेत आणि युनिकोडमध्ये आणताना त्या उलगडाव्या लागतात. त्यासाठी आयसीयू या सॉफ्टवेअर संग्रहात उलट दिशेने चालणारी सोयही आहे. पण ती हमखास बरोबर उत्तर देऊ शकत नाही, कारण टाइप करण्याचे दोन वेगळे क्रम पडद्यावर कधीकधी हुबेहूब एकच ओळ उमटवतात. आकडे आणि इंग्रजी नावं मिसळलेल्या ओळी शेवटी अरबी जाणणाऱ्या माणसाला एकेक करून तपासाव्या लागतात.