विजयचिन्हे आणि इतिहास : बार्सेलोना फुटबॉल क्लबच्या संग्रहालयाचे साधनमूल्य

इतिहासाच्या साधनांत नाणी, ताम्रपट व शिलालेख यांची गणना फार पूर्वीपासून होत आली आहे. क्रीडाविजयाचे चषक व ढाली यांकडे मात्र अभ्यासकांनी सहसा कौतुकाच्या वस्तू म्हणूनच पाहिले. वस्तुतः चषक हाही एक प्रकारचा लेखच होय. कोणी, केव्हा, कोणाच्या मान्यतेने विजय मिळविला, हे तो सांगू पाहतो. तो सांगतो ते कितपत ग्राह्य धरावे, हा प्रश्न बार्सेलोना येथील फुटबॉल क्लबच्या संग्रहालयाच्या निमित्ताने विचारात घेण्याजोगा आहे.

हा क्लब १८९९ साली मूळच्या स्विस असलेल्या जोआन गाम्पेर यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. त्याचे कांप नोउ हे क्रीडागार १९५७ मध्ये उभे राहिले व त्यातच १९८४ मध्ये संग्रहालय खुले झाले. २०२३ मध्ये क्रीडागाराची पुनर्बांधणी सुरू झाल्यावर प्रेक्षकांसाठी तात्पुरत्या दालनाची सोय करण्यात आली. संग्रहालय पाहावयास येणारा सामान्य प्रेक्षक चषकांची संख्या मोजतो. अभ्यासकाने आणखी दोन गोष्टी तपासावयास हव्यात : समोरची वस्तू अस्सल आहे काय, आणि ती ज्या विजयाची खूण आहे तो विजय अधिकृत नोंदीत आहे काय. या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी एकाच दिशेने जातात असे नाही.

प्रथम युरोपीय चषकाचा विचार करू. बार्सेलोनाने तो १९९२, २००६, २००९, २०११ व २०१५ असा पाच वेळा जिंकला. जो संघ सलग तीन वेळा अथवा एकूण पाच वेळा विजयी होईल त्याने मूळ चषक कायमचा ठेवावा, असा नियम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस झाला होता. या नियमान्वये लिव्हरपूल क्लबला २००५ साली पाचव्या विजयानंतर मूळ चषक मिळाला. परंतु २००९ पासून मूळ चषक युरोपीय महासंघाकडेच राहावा व विजेत्यास पूर्णाकृती प्रतिकृती द्यावी, असे ठरले. परिणामी बार्सेलोनाचा २०१५ चा पाचवा विजय नोंदीत निर्विवाद असूनही मूळ चषकाचे स्वामित्व त्यास लाभले नाही. येथे विजय अस्सल आहे, वस्तू मात्र नक्कल आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण इंटर-सिटीज फेअर्स चषकाचे आहे. व्यापारी प्रदर्शने भरविणाऱ्या शहरांमधील ही स्पर्धा १९५५ साली सुरू झाली व १९७१ मध्ये संपुष्टात आली. बार्सेलोनाने ती १९५८, १९६० व १९६६ या वर्षी जिंकली. स्पर्धा बंद होताना चषक कायमचा कोणाकडे राहावा हे ठरविण्यासाठी पहिला विजेता बार्सेलोना व अखेरचा विजेता लीड्स युनायटेड यांच्यात सप्टेंबर १९७१ मध्ये सामना झाला. तो बार्सेलोनाने २-१ असा जिंकला व मूळ चषक त्याच्याकडे राहिला. तथापि ही स्पर्धा युरोपीय महासंघाने चालविलेली नसल्यामुळे महासंघ आपल्या अधिकृत विजयांत तिची गणना करीत नाही. येथे वस्तू अस्सल आहे; पण त्या विजयास महासंघाच्या यादीत स्थान नाही.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. स्पेनमधील गृहयुद्धाच्या काळात, १९३७ साली, प्रजासत्ताकाच्या ताब्यातील कातालोनिया व वालेन्सिया या प्रदेशांतील संघांनी भूमध्य लीग ही स्पर्धा खेळली व बार्सेलोनाने ती जिंकली. त्याच वर्षी झालेला मुक्त स्पेन चषक लेवान्ते या क्लबने जिंकला. युद्धात प्रजासत्ताकाचा पराभव झाला आणि त्याच्या प्रदेशांतील या विजयांना अधिकृत इतिहासात स्थान मिळाले नाही. लेवान्तेच्या विजयास स्पॅनिश महासंघाने मान्यता दिली ती २०२३ मध्ये, म्हणजे ८६ वर्षांनी. मैदानावर लागलेला निकाल एक व कागदावर टिकलेला निकाल दुसरा. आणि कागदावरील निकाल कोणता टिकावा हे युद्ध जिंकणाऱ्याने ठरविले.

याच काळाने संग्रहालयाची मर्यादाही दाखवून दिली आहे. क्लबचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांस ऑगस्ट १९३६ मध्ये फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घालून ठार केले. १९३७ मध्ये संघ मेक्सिको व अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, त्यांतील कित्येक खेळाडू मायदेशी परतले नाहीत. मार्च १९३८ मधील हवाई हल्ल्यात क्लबच्या कार्यालयावर बाँब पडला. युद्धानंतर क्लबच्या बोधचिन्हातील कातालान ध्वजाचे चार पट्टे दोनवर आणण्यात आले, ते १९४९ मध्ये पूर्ववत झाले. मूळ कातालान नाव परत मिळण्यास १९७३ साल उजाडले. या घटनांपैकी एकीचाही चषक असू शकत नाही. बोधचिन्हावरील पट्ट्यांची संख्या मोजणाऱ्या अभ्यासकास मात्र त्यांचा माग लागतो, आणि एखादा साधा बिल्ला रौप्यचषकाहून मोलाचे साधन ठरतो.

मराठी इतिहाससंशोधनाच्या परंपरेस हा विवेक अपरिचित नाही. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना अधिक प्रमाण मानले, कारण बखर बहुधा आश्रयदात्याच्या गौरवार्थ लिहिली जाते. क्लबने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या सभासदांसाठी व प्रेक्षकांसाठी उभारलेले संग्रहालय ही वस्तूंनी लिहिलेली बखरच होय. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. बखरीतूनही लिहिणाऱ्याचा दृष्टिकोन, त्याचा अभिमान व त्याचे शल्य ही कळून येतात. मात्र तिच्यातील प्रत्येक विधान अन्य साधनांशी ताडून पाहावे लागते.

तात्पर्य, अशा संग्रहालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक वस्तूपाशी तिचे मूळ, तिच्यामागील विजयाची मान्यता व ती मान्यता देणारी सत्ता या तिन्हींची स्वतंत्र नोंद करावी. या नोंदी जेथे परस्परांशी जुळत नाहीत, तेथेच पुढील संशोधनास आरंभ करणे श्रेयस्कर होईल.