जमैकाचा रविवारचा भात

वेस्ट इंडीज हे नाव भारतात बहुधा क्रिकेटच्या निमित्ताने उच्चारले जाते. त्या बेटांवरील घरांत शिजते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला, तर उत्तर ऐकून कोकणातील गृहिणीलाही नवल वाटेल. कारण तेथील एक अत्यंत लाडका पदार्थ म्हणजे नारळाच्या दुधात शिजविलेला, कडधान्य घातलेला भात होय. क्यूबापासून त्रिनिदादपर्यंत भात आणि कडधान्य यांच्या जोडीची रूपे अनेक आहेत. परंतु नारळाच्या दुधातील या भाताला जमैका बेटावर जो मान आहे, तो विशेष आहे. तेथे रविवारचे जेवण त्यावाचून पुरे झाल्यासारखे वाटत नाही, आणि लोक त्याला कौतुकाने आपल्या देशाचे राजचिन्ह म्हणतात.

जमैकात या पदार्थाचे नाव ‘राइस अँड पीज’ असे आहे. ‘पीज’ म्हटल्याबरोबर मटार डोळ्यांसमोर येतो. पण तेथे हा शब्द राजम्यासारख्या कडधान्यालाच लावतात. एरवी या भातात लाल राजमा असतो. नाताळच्या सुमारास तुरीच्या शेंगा भरल्या, की राजम्याची जागा तुरीचे ओले दाणे घेतात. तुरीला तेथे ‘गुंगो’ म्हणतात, आणि हा शब्द आफ्रिकेतील कांगो प्रदेशाच्या भाषेतून आला असे मानले जाते.

भाताचे जिन्नस एकेक करून पाहिले, तर त्यांतील फारच थोडे मूळचे बेटावरचे आहेत असे आढळते. राजमा हा अमेरिका खंडाचा. तिकडूनच तो जगभर गेला आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडाही त्याच जातीचा आहे. तूर भारतातली, ती येथून आफ्रिकेत गेली आणि आफ्रिकेतून गुलामांच्या व्यापाराबरोबर वेस्ट इंडीजला पोहोचली. तांदूळ आशियातला, पण पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्यांनाही स्वतःच्या निराळ्या जातीच्या भाताची लागवड पूर्वापार ठाऊक होती. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील नारळ मूळचा हिंदी महासागराकडचा आहे, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवून दिले; पोर्तुगीज जहाजांनी तो तिकडे नेला होता. जमैकाच्या भूमीचे खास असे काही असेल, तर ते ‘पिमेंटो’ अथवा ऑलस्पाइस नावाचे मसाल्याचे फळ. ते मिऱ्यासारखे दिसते आणि त्याला लवंग, दालचिनी व जायफळ यांचा एकवटलेला गंध असतो.

वनस्पती जशा आल्या, तशी माणसेही आली. पण ती स्वखुशीने आली नाहीत. अटलांटिक ओलांडण्यासाठी बळजबरीने जहाजांत चढविलेल्या आफ्रिकी स्त्रीपुरुषांची संख्या सुमारे सव्वा कोटी मानली जाते. जमैकातील उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना पोटापाण्यासाठी बहुधा डोंगरउतारावरचा जमिनीचा तुकडा दिला जाई. मळ्याच्या कामातून सुटका मिळेल तेवढ्या वेळात, मुख्यतः रविवारी, ते तेथे कंद, भाज्या, कडधान्ये पिकवीत आणि उरलेला माल रविवारच्या बाजारात विकीत. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली, आणि पुढे चार वर्षांनी सक्तीच्या उमेदवारीचे जोखडही गेले. हा इतिहास ध्यानी घेतला, म्हणजे रविवारच्या स्वयंपाकाला त्या बेटावर एवढे महत्त्व का, हे काहीसे उमगते. ज्यांचे सहा दिवस दुसऱ्याचे होते, त्यांच्या वंशजांनी सातव्या दिवसाचे ताट सणासारखे मांडावे, यात आश्चर्य नाही.

हा भात घरी करणे अवघड नाही; मात्र एका बाबतीत हयगय चालत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा ओकाऱ्या आणि जुलाब होण्यास पुरे पडतात. केवळ मंद आचेवर, उकळी न येऊ देता, राजमा शिजवीत ठेवला तर विष नाहीसे होत नाही. उलट अधिक बाधण्याचा संभव असतो. म्हणून एक वाटी राजमा रात्रभर भिजत घालावा, सकाळी ते पाणी टाकून द्यावे, आणि नव्या पाण्यात लसणाच्या तीन-चार ठेचलेल्या पाकळ्यांसह निदान अर्धा तास खळखळून उकळू द्यावा. नंतर आच कमी करून दाणे बोटाने दबतील इतके मऊ करावेत. प्रेशर कुकरमध्ये हे काम लवकर आणि निर्धोकपणे होते. शिजल्यानंतरचे लालसर पाणी मात्र टाकू नये. भाताला जो गुलाबी-तपकिरी रंग यावयाचा, तो याच पाण्याने येतो.

आता त्यात एका नारळाचे दाट दूध, दोन-तीन पातीचे कांदे, आल्याचा लहान तुकडा, ऑलस्पाइसचे आठ-दहा दाणे, थाइमच्या दोन काड्या आणि बेताचे मीठ घालावे. थाइम न मिळाल्यास पानओव्याची दोन-तीन पाने चालतात. हा केवळ नाइलाजाचा उपाय नव्हे. हीच वनस्पती कॅरिबियन बेटांवर ‘स्पॅनिश थाइम’ या नावाने स्वयंपाकात वापरली जाते. शेवटी ‘स्कॉच बॉनेट’ ही टोपीच्या आकाराची जहाल मिरची अखंड सोडतात. ती फुटता कामा नये. अखंड राहिली, तर भाताला केवळ तिचा फळासारखा सुवास लागतो. फुटली, तर घास घेणे कठीण होते. तिच्याऐवजी देठासकट एखादी हिरवी मिरची टाकता येते.

हे सर्व दहा मिनिटे उकळल्यावर दोन वाट्या लांब दाण्याचा तांदूळ धुऊन त्यात घालावा. दूध आणि पाणी मिळून सुमारे चार वाट्या रस असावा. या मापावरच भाताचे यश अवलंबून आहे, कारण एकदा झाकण ठेवले की पुन्हा ढवळावयाचे नसते. ढवळल्याने शिते मोडतात, भात चिकट होतो आणि मिरची फुटण्याचे भय असते. अगदी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत रस आटतो. आच काढून दहा मिनिटे भात तसाच मुरू द्यावा. मग मिरची, काड्या आणि आले काढून हलक्या हाताने तो मोकळा करावा.

शेजारच्या बेटांवर याच जोडीने निराळी वळणे घेतली आहेत. क्यूबात काळा घेवडा आणि पांढरा भात यांना ‘मूर आणि ख्रिस्ती’ म्हणतात. स्पेनमधील जुन्या लढायांची आठवण त्या नावात आहे. पोर्तो रिकोत तुरीचे दाणे घालून भात करतात. त्रिनिदादमध्ये साखर तेलात जाळून, तिच्या तपकिरी रंगात मांस, तूर आणि तांदूळ शिजवितात. त्या पदार्थाचे ‘पेलाव’ हे नाव पुलावाशी नाते सांगते. हिंदी मजुरांचे पहिले जहाज त्रिनिदादला लागले ते ३० मे १८४५ रोजी.

आहारशास्त्राच्या दृष्टीनेही ही जोडी समर्थ आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते कडधान्य पुरविते; कडधान्यात मेथिओनिन कमी पडते, ते तांदूळ भरून काढतो. वरणभात, खिचडी आणि उत्तरेतील राजमा-चावल याच तत्त्वावर उभी आहेत. ज्यांच्यापासून गाव, भाषा आणि नावही हिरावून घेतले गेले, त्या माणसांनी परक्या भूमीत हाती लागले त्यातून असे पूर्ण अन्न सिद्ध केले. जमैकातील घरे आजही दर रविवारी ते शिजवितात.