डिझायनर नेमका कोणाला बांधील?

अमेरिकेतील २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निर्णय फ्लोरिडा राज्यातील अवघ्या ५३७ मतांनी झाला. तेथील पाम बीच काउंटीच्या मतपत्रिकेत उमेदवारांची नावे डाव्या व उजव्या अशा दोन पानांवर होती आणि मत नोंदविण्याची छिद्रे मधोमध एकाच रांगेत. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव दुसरे. पण त्यांचे छिद्र तिसरे! दुसरे छिद्र उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे. गोर यांच्या पक्षाचे प्राबल्य असलेल्या या काउंटीत ब्युकॅनन यांना तीन हजारांहून अधिक मते पडली. त्यातील बरीच आपली नसावीत, असे खुद्द त्यांनीच म्हटले होते.

दुर्दैव असे, की या रचनेमागचा हेतू चांगलाच होता. सर्व नावे एका पानावर बसविली असती, तर अक्षरे बारीक होऊन वृद्ध मतदारांची अडचण झाली असती. अक्षर मोठे झाले. मत मात्र भलत्याच पारड्यात गेले. डिझाइन म्हणजे सजावट, असा आपल्याकडे समज आहे. वस्तू हातात घेतलेला माणूस कोठे चुकेल, हे आधी शोधणे आणि ती प्रत्यक्ष लोकांच्या हाती देऊन पाहणे, हे या व्यवसायाचे खरे काम.

आपल्या इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचे बाह्यरूप मुंबई आयआयटीतील प्रा. ए. जी. राव व प्रा. रवी पूवैय्या यांनी घडविले. नाव, चिन्ह आणि बटण एकाच ओळीत. बटण दाबताच त्याच ओळीत लाल दिवा. अक्षरओळख नसलेला मतदारही त्यात अडखळत नाही. (यंत्राच्या विश्वासार्हतेचा वाद वेगळा.)

वास्तुविशारदाला १९७२च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ती रद्दही होऊ शकते. डिझायनरला असे बंधन नाही. २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाइन धोरण आले, तरी नोंदणी सक्तीची झाली नाही. त्यातच मोबदला देते कंपनी आणि वस्तू वापरतो तिसराच. या दोघांचे हित परस्परविरोधी असेल तर?

ऑनलाइन खरेदीत हा पेच रोज दिसतो. सदस्यत्व घेणे एका क्लिकचे, रद्द करणे मात्र चक्रव्यूह. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. ही मार्गदर्शक तत्त्वे संकेतस्थळे, जाहिरातदार आणि विक्रेते यांना लागू आहेत. 'नको'चे बटण फिकट रंगात रंगविणाऱ्या डिझायनरचा त्यात उल्लेख नाही.